खिडकीची कांच पुसतांना

घर झाडून-पुसून लख्ख केलें, भांडीं घांसून मांडलीं, देव्हारा उजळला, तरी खोलींत एक प्रकारचा मळकट उजेड भरून राहिलेला असतो आणि त्याचें कारण बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. जमिनीवरचा केर पायांना लागतो, भांड्याचा चिकटपणा हाताला लागतो. कांचेवरचा मळ मात्र कोणाच्याच अंगाला लागत नाहीं. तो रोज थोडाथोडा सांचतो आणि आपली दृष्टि त्याला तितक्याच सावकाश सरावत जाते. मग भर दुपारीं दिवा लावून आपण म्हणतों, आज आभाळ आलेलें दिसतें!

कांच कितीहि स्वच्छ असली तरी ती सगळा प्रकाश आंत सोडीत नाहीं. तिच्या दोन्ही पृष्ठांवरून मिळून शेंकडा सुमारें ८ भाग प्रकाश परत फिरतो. एवढी तूट अटळ आहे. तिच्यावर धुळीचा थर बसला म्हणजे आणखी तूट येते. इमारतींतील उजेडाचें गणित मांडणारे तज्ज्ञ स्वच्छ वस्तींतल्या उभ्या कांचेसाठींदेखील सुमारें दहावा हिस्सा मळाच्या नांवें वजा घालतात आणि कारखान्यांच्या वस्तींत त्याहून अधिक. इंग्लंडांत १६९६ पासून १८५१ पर्यंत घराच्या खिडक्या मोजून कर घेत असत. तो चुकविण्यासाठीं लोकांनीं धडधाकट खिडक्या विटांनीं बुजवून टाकल्या. आपल्याकडे असा कर कोणी बसविलेला नाहीं, तरी आपण खिडक्या बुजवीतच असतों. विटांऐवजीं धूळ वापरतों इतकेंच.

देहूरोडसारख्या गांवीं ही गोष्ट विशेष जाणवते. गांवाच्या अंगावरून जुना मुंबई-पुणें रस्ता गेलेला आहे, कात्रजहून निघालेला वळणरस्ता येथेंच त्याला येऊन भिडतो आणि शेजारून पुणें-लोणावळें लोहमार्ग धांवतो. एका अंगाला निगडी, चिंचवड, भोसरीचे कारखाने. दुसऱ्या अंगाला तळेगांव आणि चाकणचे. किवळें, रावेत, मामुर्डी या बाजूंना उंच इमारती उठत आहेत आणि त्यांच्या खडी-वाळू-सिमेंटचा धुरळा वाऱ्यावर चढलेला असतो. लष्करी हद्दींतील झाडी सोडली तर त्याला अडविणारें फारसें कांहीं नाहीं. चैत्र-वैशाखांत दुपारचा वारा सुटला म्हणजे सकाळीं पुसलेल्या कांचेवर संध्याकाळीं मुलें बोटानें आपलीं नांवें लिहितात! अशा ठिकाणीं कांचा वारंवार पुसाव्या लागणार, आणि ज्या कामाची पुनःपुन्हां गरज पडते तें नीट समजून केलेलें बरें.

या कामांत दोन गोष्टी अशा आहेत कीं, त्यांपैकीं एक न कळल्यास कांच कायमची खराब होते आणि दुसरी न कळल्यास माणसाच्या जिवावर बेततें. दोहोंचें मूळ, मला वाटतें, एकाच ठिकाणीं आहे. आपल्या लोकांना कांच ओळखीची झाली ती दिव्याची. खिडकीची कांच फार मागाहून आली.

जुन्या वाड्यांच्या आणि खेड्यांतल्या घरांच्या खिडक्यांना लांकडी झडपा असत, गज असत, तावदान क्वचितच. कांच घरांत नांदत होती ती कंदिलाची. आणि या कांचेचा इतिहास देहूरोडकरांना अगदीं घरचा आहे. देहूरोडहून लोणावळ्याच्या गाडींत बसलें कीं बेगडेवाडी आणि घोरावाडी सोडून तिसरें ठाणें तळेगांव. तेथें १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला. घरोघरचा एक-एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारावा ही कल्पना अंताजी दामोदर काळे यांची. लोकमान्य टिळकांनीं तिच्या पाठीशीं आपलें वजन उभें केलें. आणि परदेशांत कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या देखरेखीखालीं तेथली भट्टी पेटली. पुढें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीला ओगले बंधूंनीं कांच कारखाना चालविला आणि त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्रभर घरोघर गेला. एका पैशाच्या वर्गणीवर भट्टी पेटवूं पाहणारी ती माणसें आज आठवलीं म्हणजे मन थोडें भरून येतें. पण तो निराळा विषय होईल.

दिवेलागणीच्या आधीं कंदिलाची कांच पुसण्याचें काम त्या काळीं मुलांकडे असे, कारण लहान हात आंत जातो. तोंडाची वाफ सोडावयाची, चाळलेल्या राखेची चिमूट घ्यावयाची आणि कोरड्या मऊ फडक्यानें पुसावयाचें. कांच आरशासारखी होई. हीच रीत पुढें खिडकीला लागली. वाफ, कोरडें फडकें, आणि जोर. येथेंच पहिली चूक आहे.

कंदिलाच्या कांचेवर सांचते ती काजळी. काजळी म्हणजे कोळशाची अतिशय मऊ भुकटी. खिडकीच्या कांचेवर सांचते ती धूळ, आणि धूळ म्हणजे बारीक झालेला दगड. खनिजांचा कठीणपणा सांगण्यासाठीं १ पासून १० पर्यंतची एक मोजपट्टी आहे. तिच्यांत शंखजिरें १ वर आणि हिरा १० वर. साधी कांच या पट्टीवर सुमारें साडेपांचवर येते. वाळूंतली गारगोटी ७ वर आहे आणि आपल्या काळ्या दगडांतील मुख्य खनिजें ६ च्या आसपास. म्हणजे कांचेवर बसलेल्या धुळीचा कण कांचेइतका किंवा तिच्याहून कठीण असतो. कोरड्या फडक्याखालीं तो कण दाबून फिरविणें म्हणजे सुताराचा कांचकागद कांचेवरच घांसणें होय. त्यानें पडलेले ओरखडे एका दिवसांत दिसत नाहींत. चार-पांच वर्षांनीं उतरत्या उन्हांत ती कांच पाहावी. तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या वाटोळ्या रेघा चमकतात, आणि मग कोणत्याहि साबणानें त्या जात नाहींत.

म्हणून पहिला नियम असा कीं, धूळ आधीं झाडावी, मग भिजवावी, आणि भिजवून ती पाण्याबरोबर खालीं उतरवावी. पुसण्याची वेळ त्यानंतरची. कामाला सुरुवात कांचेपासून करूं नये. प्रथम मच्छरांची जाळी, मग चौकट, मग कांच आणि शेवटीं खालचा रूळ, असा क्रम ठेवावा, नाहींतर स्वच्छ कांचेवर जाळीची धूळ येऊन बसते. झाडण्याला रंगाऱ्याचा रुंद, मऊ केसांचा ब्रश उत्तम. न दाबतां वरून खालीं फिरवावा. नाकातोंडावर ओलें फडकें बांधावें; दगडाची धूळ फुप्फुसालाहि मित्र नव्हे.

मग पाणी. मोठ्या रस्त्यालगतच्या घरांत कांचेवर नुसती धूळ नसते. मोटारींच्या तेलकट धुराचा पातळ लेप तिच्याखालीं असतो आणि नुसतें पाणी त्यावरून ओघळून जातें. त्यासाठीं साबण हवा, पण किती? बायकांचा हात येथें नेहमीं सढळ पडतो, आणि पुरुषांचा, ते कधींकाळीं या कामाला हात लावतील तर, त्याहून सढळ. अर्धी बादली पाण्याला भांडीं घांसण्याच्या पातळ साबणाचा एक लहान चमचा पुरे. रिठ्याचें पाणी असेल तर अतिउत्तम. मात्र तें गाळून घ्यावें. साबण अधिक झाला तर तोच कांचेवर सुकून पांढुरकी साय धरतो, आणि पुढच्या आठवड्यांत धूळ त्या सायीला दुप्पट चिकटते. फडकें वरपासून खालीं न्यावें आणि पुनःपुन्हां पिळावें. पाणी गढूळ झालें कीं बदलावें. गढूळ पाण्यानें पुसणें म्हणजे झाडलेली धूळच परत लावणें.

ओली कांच कोरडी करण्याला रबराच्या पट्टीसारखें साधन नाहीं. अमेरिकेंत जाऊन राहिलेल्या एत्तोरे स्टेकोने नांवाच्या इटालियन कारागिरानें १९३६ सालीं एकेरी रबराची हलकी पितळी पट्टी तयार करून तिचें पेटंट घेतलें. आज बाजारांत ‘वायपर’ म्हणून जें मिळतें तें याच कुळांतलें. पट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एका ओढींत न्यावी आणि प्रत्येक ओढीनंतर रबराची धार कोरड्या फडक्यानें टिपावी. हें टिपणें चुकलें कीं रेघ उमटलीच. कोंपऱ्यांतील ओल जुन्या धोतराच्या किंवा सुती लुगड्याच्या तुकड्यानें काढावी. पुष्कळदां धुतलेल्या सुताला तंतू सुटत नाहींत. वर्तमानपत्राचा बोळा वापरण्याची चालहि चांगली आहे, मात्र पांढऱ्या चौकटीला शाई लागण्याचा संभव असतो.

हें सगळें कांचेवर ऊन नसतांना करावें. तापलेल्या कांचेवर पाणी पट्टी पोंचण्याच्या आधींच सुकतें आणि त्यांतील क्षार जागच्या जागीं चिकटतात. पूर्वेच्या खिडक्या दुपारनंतर व पश्चिमेच्या सकाळीं घेतल्या म्हणजे ही अडचण राहत नाहीं.

क्षारांचा विषय निघालाच आहे तर तो थोडा नीट पाहूं. ज्या घरांना विंधनविहिरीचें पाणी आहे तेथें त्याला साबणाचा फेस सहसा लवकर येत नाहीं. शास्त्रांत अशा पाण्याला दुष्फेन म्हणतात. काळ्या खडकांतून झिरपतांना त्यांत चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. पाणी उडून जातें आणि क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपानें कांचेवर राहतात. हे ठिपके घांसून काढूं नयेत. लिंबाचा रस किंवा शिरका पाण्यांत मिसळून फडकें भिजवावें, तें ठिपक्यांवर कांहीं मिनिटें धरावें, मग साध्या पाण्यानें धुवावें. आंबटानें चुना विरघळतो. पण एक सावधगिरी हवी. आपल्या खिडक्यांचे कट्टे बहुधा कडप्प्याचे, शहाबादीचे किंवा संगमरवराचे असतात, आणि हे तिन्ही दगड चुन्याचेच भाऊबंद आहेत. कांचेवरचा डाग काढणारें लिंबूपाणी खालीं कट्ट्यावर गळलें तर त्याची चकाकी खाऊन टाकतें. तेव्हां कट्ट्यावर आधीं जाड ओलें फडकें पसरावें. पावसाळ्यांत पागोळीखालीं बादली ठेवून घेतलेलें पाणी मात्र निर्धास्त वापरावें. त्यांत हे क्षार जवळजवळ नसतात. पहिल्या एक-दोन सरींचें पाणी तेवढें सोडावें, कारण तें छपराची धूळ घेऊन येतें.

स्वयंपाकघराच्या खिडकीवर फोडणीचा धूर आणि धूळ मिळून जो चिकटा बसतो त्याला कोंबट पाणी व धुण्याचा सोडा लागतो. परंतु चौकट ॲल्युमिनियमची असेल तर सोडा तिला लागूं देऊं नये. क्षारानें ती काळवंडते व खरवडल्यासारखी होते. शेजारीं बांधकाम चाललें असेल आणि सिमेंटचें पाणी कांचेवर उडालें असेल तर तें ओलें असतांनाच भरपूर पाण्यानें धुऊन काढावें. तें सुकून बसलें तर कांचेचा पृष्ठभागच खातें, आणि तो धूसर डाग कायमचा राहतो. आणि एक इशारा असा कीं, कांच पुसण्याच्या कांहीं द्रावणांत अमोनिया असतो. असें द्रावण किंवा शिरका, यांपैकीं कशांतहि विरंजक चूर्ण, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कधींहि मिसळूं नये. त्यांतून निघणारे वायु विषारी असतात.

खालच्या रुळाबद्दल दोन शब्द सांगतें, कारण त्याकडे कोणीच पाहत नाहीं. सरकत्या खिडकीच्या रुळाला बाहेरच्या अंगानें बारीक छिद्रें ठेवलेलीं असतात. पावसाचें पाणी रुळांत उतरलें तरी या छिद्रांवाटे तें बाहेर जावें, अशी ती योजना. उन्हाळाभर रुळांत धूळ सांचते, पहिल्या पावसांत तिचा चिखल होतो आणि छिद्रें बुजतात. मग रूळ तुंबतो, पाणी आंतल्या भिंतीवरून उतरतें, आणि घरवाले गवंड्याला बोलावतात! देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते. त्याआधीं एक दिवस खराट्याचा हीर घेऊन हीं छिद्रें मोकळीं करावीं आणि तांब्याभर पाणी रुळांत ओतून तें बाहेर जातें कीं नाहीं तें पाहावें.

आतां दुसरी गोष्ट. कंदिलाची कांच हातांत घेऊन फिरवितां येते. तिची आंतली बाजू काय नि बाहेरची काय, दोन्ही मांडीवर. खिडकीची बाहेरची बाजू मात्र मोकळ्या आकाशांत असते. बैठ्या घरांत त्याचें कांहींच वाटत नाहीं; अंगणांत उभें राहिलें कीं झालें. परंतु देहूरोडच्या आसपास ज्या पट्ट्यांत कालपर्यंत शेतें आणि बैठीं घरें होतीं, तेथें आज दहा-दहा, वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. घर वर गेलें, संवय मात्र अंगणांतलीच राहिली. दिवाळीच्या आधींच्या आठवड्यांत अशा वस्तींतून मान वर करून चालत जावें. कोठें कोणी छज्ज्यावर पाय ठेवून एका हातानें चौकट धरलेली आहे, कोठें कोणी कट्ट्यावर पाठमोरी बसून कमरेपासून वर सगळी बाहेर झुकली आहे. आणि बहुतेक वेळां ती घरची मालकीण नसते. कामाला येणारी बाई असते. ‘जरा बाहेरूनहि पुसून घे हो,’ एवढें बोलून मालकीण आंत गेलेली असते. बाई नाहीं म्हणत नाहीं. पुढच्या घरीं वेळेवर पोंचावयाचें असतें, आणि नाहीं म्हटल्यास काम जाईल ही धास्ती असते.

पुण्याच्या मोलकरणींनीं १९८० सालीं संप केला आणि त्यांतून त्यांची संघटना उभी राहिली. त्यांचें भांडण मुख्यतः पगाराचें आणि रजेचें होतें. महाराष्ट्रांत घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालीं झाला. सिंगापुरांत तर खुद्द खिडकीसंबंधींच नियम करण्याची पाळी आली. परदेशांतून घरकामासाठीं आलेल्या स्त्रिया उंच मजल्यांवरून खिडक्या पुसतांना पडून मेल्या, तेव्हां २०१२ सालीं तेथील सरकारनें ठरविलें कीं, खिडकीचें ग्रिल कुलूपबंद असेल आणि मालक किंवा त्याच्या वतीनें दुसरें प्रौढ माणूस समोर उभें असेल तरच उंच खिडकीची बाहेरची बाजू पुसण्यास सांगतां येईल. हाँगकाँगच्या सरकारनें २०१७ पासून करारपत्रांतच असें कलम घातलें कीं, ग्रिल बंद हवें आणि हात सोडून शरीराचा कोणताहि भाग खिडकीच्या कडेबाहेर जातां कामा नये. आपल्या घरांत हा नियम लागू करण्यास कोणत्याहि सरकारची वाट पाहावी लागत नाहीं. घरांतल्या कर्त्या बाईनें व कर्त्या पुरुषानें तो आजच करावा.

तो असा करावा. पुसणाऱ्याचे दोन्ही पाय खोलीच्या जमिनीवर असावेत. कट्ट्यावर चढूं नये, आणि उघड्या खिडकीपाशीं स्टूल किंवा खुर्ची ठेवूं नये. बाहेर जाईल तो फक्त हात, खांद्यापर्यंत. दोन सरकत्या झडपांच्या खिडकींत एवढ्यानेंहि पुष्कळ काम होतें. दोन्ही झडपा एका बाजूला सारल्या कीं अर्धी खिडकी मोकळी होते. तेथून लांब दांड्याची आडवी पट्टी बाहेर घालून शेजारच्या कांचेची बाहेरची बाजू ओली करतां येते आणि ओढतांहि येते. आंतल्या झडपेची बाहेरची बाजू अशा वेळीं बाहेरच्या झडपेमागें झांकलेली असते, म्हणून तिच्यासाठीं ती झडप अर्धवटच सारून, दोन्ही टोकांच्या फटींतून तिचा उघडा भाग आळीपाळीनें पुसून घ्यावा. दांड्याला दोरी बांधून ती मनगटांत अडकवावी, नाहींतर दांडा सुटून खालीं चालणाऱ्याच्या डोक्यांत पडावयाचा. झडप रुळांतून उचलून आंत घेण्याची युक्ति कांहीं लोक सांगतात. तळमजल्यावर ती ठीक आहे. वरच्या मजल्यावर ती जड झडप हातांतून बाहेरच्या बाजूला कलली तर सांवरतां येत नाहीं. कांच पावसानें किंवा साबणानें बुळबुळीत झालेली असतांना तर तिच्या वाटेला जाऊं नये. आणि कामाला येणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशीं, ती विचारण्याआधीं, स्पष्ट सांगावें कीं, बाहेरची बाजू तुमच्या कामांत नाहीं, कोणी सांगितलें तरी चढूं नका.

न उघडणाऱ्या, चौकटींत कायमच्या बसविलेल्या कांचा यानेंहि उरतात. त्या घरच्या माणसांनीं पुसावयाच्याच नाहींत. गृहनिर्माण संस्थेनें वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, दोरावरून उतरून काम करणारीं शिकलेलीं माणसें बोलवावीं आणि खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा. संस्थेच्या सभेंत या खर्चावर पुष्कळ कुरकुर होते, आणि सर्वांत स्वस्त दर सांगणाऱ्यालाच काम देण्याकडे कल असतो. या कामांत प्रत्येक माणसाला दोन दोर लागतात, एक उतरण्याचा आणि एक पहिला तुटल्यास सांवरणारा, आणि ते दोन निरनिराळ्या जागीं बांधावे लागतात. स्वस्त दरांत नेमका दुसरा दोर गळालेला असूं शकतो. तेव्हां संस्थेच्या चिटणिसानें त्या दिवशीं स्वतः गच्चीवर जाऊन दोर मोजावेत, ते कशाला बांधले आहेत तें पाहावें, आणि दुसरा दोर नसेल तर माणूस कठड्यावरून खालीं सोडूं देऊं नये.